डाळींतलें विष आणि टीपकागदावरचा ठिपका

वऱ्हाडांतील धामणगांव हें आगगाडीनें मोठें केलेलें गांव. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोंचला, त्या मार्गावरचें हें एक स्टेशन. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनीं येथवर येई आणि येथून मुंबईस जाई. गांवाच्या नांवापुढें ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा चिकटला तो त्यामुळेंच. कापसाच्या जोडीला या काळ्या जमिनींत पिकते ती तूर. हिंवाळा सरतां सरतां तुरीचीं पोतीं बाजारांत येऊं लागतात. पुढें तिची डाळ होते आणि ती घरोघर वरणाच्या रूपानें पानांत पडते. गिऱ्हाईक दुकानांत जातें, मूठभर डाळ तळहातावर पसरतें, एक दाणा दांताखालीं धरून पाहतें, आणि रंग, वास व चव या तीन पंचांच्या निकालावर सौदा ठरतो.

पुष्कळदां हे पंच खरें बोलतात. परंतु हातांतली डाळ खरोखर तुरीचीच आहे, कीं तींत तिच्यासारखी दिसणारी दुसरी एखादी डाळ मिसळली आहे, असा प्रश्न आला म्हणजे हे तिन्ही पंच गप्प बसतात. त्या दुसऱ्या डाळीची, तिच्यांत दडलेल्या विषाची आणि तें विष हुडकून काढणाऱ्या एका साध्या युक्तीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

त्या डाळीचें नांव लाख. ही बांगड्यांची लाख नव्हे. हें एक कडधान्य आहे. भंडारा-चांद्याकडे त्याला लाखोळी म्हणतात, छत्तीसगडांत तिवरा, उत्तरेकडे खेसारी. शास्त्रज्ञांनीं त्याला लॅथिरस सॅटिव्हस असें नांव दिलें आहे. याचा दाणा चपटा, कोनाकृति, लांकूडफोड्याच्या पाचरीसारखा असतो, आणि तो अख्खा असतां कोणीहि ओळखील. पण साल काढून त्याची डाळ केली कीं ती तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळींत सहज लपते. आणि एकदां जात्याखालून गेली म्हणजे बेसनाच्या पिवळेपणांत ती पार नाहींशी होते.

या पिकाचे गुण ऐकले तर कोणासहि त्याचें कौतुक वाटावें. भाताचें पीक उभें असतांनाच कापणीपूर्वीं ओल्या चिखलांत याचें बी फेंकून दिलें तरी पुरे. नांगरट नको, खत नको, वरून पाणी नको. चिखल सोसतें आणि अवर्षणहि सोसतें. दाण्यांत प्रथिनाचें प्रमाण शेंकडा पंचवीसांहून अधिक, म्हणजे पोषणाच्या दृष्टीनेंहि तें हलकें नव्हे. म्हणून गहूं गेला, भात गेला, हरभरा गेला, तरी शेतांत शेवटपर्यंत उभें राहणारें पीक तें हेंच. आणि म्हणूनच ज्या वर्षीं दुसरें कांहीं खावयास नसे त्या वर्षीं गरिबाच्या पोटांत दोन्ही वेळां जाई तें हेंच. या कथेंतील सारी करुणा येथें आहे. ज्या धान्यानें दुष्काळांत जीव वांचविला, त्याच धान्यानें माणसाचे पाय नेले.

ही गोष्ट फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत कलायखंज नांवाच्या व्याधीचें वर्णन आहे: रोगी पाऊल उचलतांना कांपतो, लंगडत चालतो, आणि त्याच्या सांध्यांची बांधणी ढिली पडते. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचें धान्य. व्याधीच्या नांवांतच आहाराकडे बोट दाखविलें आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानेंहि त्रिपुट नांवाच्या धान्यावर माणसाला लंगडें-पांगळें करण्याचा दोष ठेविला. युरोपांत १६७१ सालीं व्युर्टेम्बर्ग घराण्याच्या एका ड्यूकानें या धान्याच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती. तेव्हां लोकांच्या अनुभवाला ही गोष्ट ठाऊक होती. ठाऊक नव्हतें तें तिचें कारण.

आपल्या बाजूचा तपशीलवार वृत्तांत मिळतो तो कर्नल स्लीमन यांच्या लेखणींतून. ठगांच्या बंदोबस्तामुळें ज्यांचें नांव सर्वांस परिचित आहे तेच हे स्लीमन. १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यांनीं सागर जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांची हकीकत दिली आहे. १८२९ सालीं गारपिटीनें रब्बी बुडाली. १८३० सालीं पावसानें वेळ साधली नाहीं. १८३१ सालीं उभें पीक रोगानें खाल्लें. तीन वर्षें लोकांनीं लाखेवर काढलीं. १८३३ पासून तिशीच्या आंतील माणसांचे पाय कमरेखालीं लुळे पडूं लागले; आणि त्या व त्याच्या पुढच्या वर्षांत एका गांवांतील निम्मे तरुण, मुलगे आणि मुली दोन्ही, या व्याधीनें गांठले.

ही व्याधि येते कशी हें ऐकण्यासारखें आहे. ताप नाहीं, वेदना नाहीं. दोन-तीन महिने लाख हेंच मुख्य अन्न झालेलें असतें. मग एके दिवशीं पोटऱ्या ताठतात, गुडघे वांकतात, टांचा जमिनीला टेकत नाहींत, आणि चालतांना पाय कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकांवर येऊं लागतात. प्रथम एक काठी लागते, पुढें दोन. कांहींच्या नशिबीं शेवटीं हातांवर सरपटणें येतें. बुद्धि शाबूत, हात शाबूत, आयुष्य पुष्कळ उरलेलें. फक्त पाय गेलेले, आणि ते परत येत नाहींत. तरुण, राबणारे पुरुष यांत अधिक सांपडतात. म्हणजे घरांत मिळवून आणणारा जो एक, तोच घरावर भार होऊन बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्यप्रांत व वऱ्हाड यांवर पाठोपाठ कोसळले. मध्यप्रांतांतील १८९६ ते १९०२ या काळांतील या रोगासंबंधीं बुकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्यानें स्वतंत्र अहवाल लिहिला. एका रोगावर वेगळा सरकारी अहवाल लिहावा लागला यावरूनच त्याचा पसारा कळतो. दुष्काळ सरले तरी रोग मात्र सरला नाहीं. रीवा-सतना भागांत शेतमजुराला मजुरी नाण्यांत न देतां लाख मिसळलेल्या धान्यांत देण्याची चाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. धन्याच्या कोठारांत गहूं आणि गड्याच्या पदरांत लाख, अशी ती वांटणी. १९६४ सालीं द्विवेदी व प्रसाद यांनीं रीवा जिल्ह्याची पाहणी प्रसिद्ध केली तेव्हांहि तेथें लंगडे झालेले लोक मोठ्या संख्येनें होते.

आतां कोणीहि विचारील: शेंकडों वर्षें जें लोकांना दिसत होतें त्याचें कारण डॉक्टरांना आणि रसायनशास्त्रज्ञांना सांपडूं नये, हें कसें?

अडचण दुहेरी होती. पहिली अडचण जनावरांची. मोठ्या झालेल्या प्राण्यांना लाख खाऊं घातली तर माणसासारखा रोग त्यांच्यांत सहसा उमटत नसे. त्यामुळें कित्येकांनीं लाखेला निर्दोषच ठरविलें. १९२५ सालीं अँडरसन, हॉवर्ड व सायमनसेन यांनीं असें मत मांडलें कीं दोष लाखेचा नसून तिच्या शेतांत वाढणाऱ्या अंकरी नांवाच्या तणाच्या दाण्यांचा आहे. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत बागेंतल्या सुवासिक वाटाण्यांतून एक विषारी द्रव्य वेगळें करण्यांत आलें, आणि कोडें सुटलें असें क्षणभर वाटलें. पण तें द्रव्य हाडें वांकविणारें निघालें, पाय लुळे करणारें नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल होती. एका दाण्यांत शेंकडों द्रव्यें एकत्र नांदत असतात. पिष्ट, तेल, प्रथिनें, क्षार, साखरा, रंग. आणि त्यांतच कोठेंतरी, शंभर भागांत एखाद्या भागाहूनहि कमी, तें विष. गुणांनीं सारखीं असलेलीं द्रव्यें एकमेकांपासून सोडवावयाचीं कशीं? राजहंस पाण्यांतून दूध वेगळें करतो असें आपले कवि सांगत आले. रसायनशास्त्राला तसा राजहंस हवा होता. तो मिळाला एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडून.

मिखाइल त्स्वेत या रशियन शास्त्रज्ञाचा जन्म १८७२ सालचा. रशियन भाषेंत त्स्वेत या शब्दाचा अर्थच रंग असा आहे. हा वॉर्सा येथें काम करीत असतां हिरव्या पानांतील रंगद्रव्यांचा अभ्यास करीत होता. त्यानें कांचेची एक उभी नळी घेतली, तींत खडूची बारीक भुकटी दाबून भरली, आणि वरून पानांचा अर्क सोडला. मग शुद्ध द्रावक हळूहळू ओतीत राहिला. हिरवा दिसणारा तो अर्क खालीं उतरतां उतरतां फांकला आणि पांढऱ्या खडूंत पिवळे व हिरवे असे वेगवेगळे पट्टे उभे राहिले. ज्याला आपण एक रंग म्हणत होतों तो अनेकांचा मेळा होता. १९०३ सालीं त्यानें या पद्धतीवर व्याख्यान दिलें आणि १९०६ सालीं तिला क्रोमॅटोग्राफी हें नांव दिलें. मराठींत तिला वर्णलेखन म्हणतात.

यांतील तत्त्व घरच्या घरीं पाहतां येण्याजोगें आहे. टीपकागदाच्या पट्टीवर, खालच्या टोंकापासून थोड्या अंतरावर काळ्या शाईचा एक ठिपका द्या आणि पट्टीचें तेवढेंच टोंक पाण्यांत बुडवा. पाणी कागदांतून वर चढतें आणि शाईला बरोबर घेऊन जातें. पण शाईंतले सर्व रंग सारख्या वेगानें जात नाहींत. ज्याला कागदाची ओढ अधिक तो मागें राहतो. ज्याला पाण्याची ओढ अधिक तो पुढें पळतो. थोड्याच वेळांत काळ्या ठिपक्याच्या जागीं निळा, जांभळा, तांबूस असे निरनिराळे पट्टे दिसूं लागतात. जत्रेंत एकत्र निघालेल्या मंडळींत जो तो आपापल्या आवडीच्या दुकानापाशीं रेंगाळावा आणि शेवटीं सारे पांगावे, तसाच हा प्रकार.

त्स्वेताच्या हयातींत या पद्धतीचें चीज झालें नाहीं. मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचा तिच्यावर विश्वास बसला नाहीं, आणि १९१९ सालीं तो व्होरोनेझ येथें वारला. १९३१ सालीं हायडेलबर्ग येथें कून, लेडरर व त्यांचे सहकारी यांनीं गाजरासारख्या पदार्थांतील पिवळीं द्रव्यें वेगळीं करण्यासाठीं तीच नळी पुन्हां उभी केली, तेव्हां जगाला जाग आली. पुढें इंग्लंडांत लोकरीच्या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या मार्टिन व सिंज यांनीं १९४१ सालीं तिचा नवा प्रकार मांडला. १९४४ सालीं कॉन्सडेन, गॉर्डन व मार्टिन यांनीं नळीच्या जागीं साधा गाळणकागद आणला. प्रथिनें ज्या ॲमिनो आम्लांचीं बनलेलीं असतात तीं रंगहीन असतात. पण कागदावर पांगल्यावर निनहायड्रिन नांवाचें औषध शिंपडून कागद तापविला कीं बहुतेक आम्लें जांभळ्या ठिपक्याच्या रूपानें आपली जागा सांगतात. १९५२ सालीं मार्टिन व सिंज यांना नोबेल पारितोषिक मिळालें. कागद स्वस्त होता, भांडीं साधीं होतीं. त्यामुळें ही विद्या आपल्याकडील प्रयोगशाळांतहि लवकरच रुळली.

आणि येथें आपल्या कथेंतील दोन वाटा एकमेकींस येऊन मिळतात. १९६३ सालीं हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेंतील रॉय, नागराजन व गोपालन यांनीं लाखेचा अर्क कोंबडीच्या पिलांना टोंचला आणि पिलांच्या मज्जासंस्थेवर विषाचीं लक्षणें उमटलीं. मोठ्या प्राण्यांनीं जें दाखविलें नव्हतें तें चिमुकल्या पिलांनीं दाखविलें. आतां परीक्षा करण्यास साक्षीदार मिळाला. १९६४ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंत राव, अडिग व शर्मा यांनीं लाखेचा अर्क आयन-विनिमय करणाऱ्या स्तंभांतून उतरवून त्यांतील विषारी भाग शुद्ध, स्फटिकरूप असा हातीं आणला. त्याच वर्षीं दिल्लीस मूर्ति, शेषाद्रि व वेंकटसुब्रह्मण्यन् यांनींहि तेंच द्रव्य स्वतंत्रपणें मिळविलें. तें एक ॲमिनो आम्लच निघालें, पण प्रथिनांत कधीं न आढळणारें. त्याचें लांबलचक नांव सोडून देऊं. व्यवहारांत त्याला ओडॅप म्हणतात. मज्जातंतूंना चेतविणारें जें ग्लुटामेट नांवाचें नैसर्गिक द्रव्य शरीरांत असतें त्याची हें नक्कल करतें, आणि पेशींना अतिरिक्त चेतवून त्यांचा नाश करतें असें आतां समजलें आहे. सुश्रुतानें ज्या व्याधीचें वर्णन केलें तिचें कारण अशा रीतीनें कागदावरील एका जांभळ्या ठिपक्यांत येऊन उभें राहिलें. आणि तें शोधणारे आपल्याच देशांतील होते.

हें द्रव्य पाण्यांत विरघळतें ही गोष्टहि महत्त्वाची ठरली. लाख गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेंकून दिलें तर विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. पण दुष्काळांत, जेथें पाणी आणि सरपण दोन्ही दुर्मिळ, तेथें ही काळजी कोण घेणार? शिवाय लबाडीनें मिसळलेल्या डाळीला अशी आंघोळ घालावयाची हें गृहिणीला सांगतो कोण?

आतां पुन्हां बाजाराकडे वळूं. तुरीच्या डाळींत लाख मिसळणारा पुष्कळदां तिच्यावर मेटॅनिल यलो नांवाचा पिवळा रंगहि चढवितो. हा रंग अन्नांत वापरण्यास मुळीं परवानगी नाहीं. सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लांत डाळ टाकून मंद आंचेवर पाव तास ठेविली आणि गुलाबी रंग आला तर लाखेचा संशय घ्यावा, अशी एक झटपट परीक्षा आहे. परंतु मेटॅनिल यलो देखील त्याच आम्लांत गुलाबी होतो, आणि तोहि आंचेची वाट न पाहतां! म्हणजे दोन गुन्हेगार आणि साक्षीदार एकच, तोहि दोघांकडे एकच बोट दाखविणारा. न्यायालयांत अशी साक्ष किती टिकणार? वर्णलेखनानें ही अडचण दूर होते. कागदावर, किंवा कांचेच्या पट्टीवर दिलेल्या पातळ थरावर, रंगाचा ठिपका एका जागीं थांबतो आणि ओडॅपचा दुसऱ्या जागीं. शेजारीं शुद्ध द्रव्यांचे ठिपके नमुन्यादाखल चढविलेले असतात, त्यांच्याशीं ताडून पाहिलें कीं कोण हजर आहे तें नांवनिशीवार कळतें. दाबाखालीं द्रव ढकलणाऱ्या आधुनिक यंत्रांतून किती आहे हेंहि मोजतां येतें. इतकेंच नव्हे, तर डाळ शिजतांना या विषाचा कांहीं भाग आपल्याच एका कमी घातक भावंडांत बदलतो. साध्या रंगपरीक्षेला हे दोघे एकच वाटतात, यंत्र मात्र त्यांना वेगवेगळें मोजतें.

मोजतां येऊं लागल्यावर कायद्यापुढेंहि नवा प्रश्न उभा राहिला. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याखालील नियमांत १९६१ सालीं लाखेच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम आला. तेव्हां विष सांपडलेलें नव्हतें. बंदी होती ती सबंध धान्यावर. कांहीं राज्यांनीं ती लागू केली, कांहींनीं केली नाहीं. आपल्या पूर्व विदर्भांत जेथें भाताबरोबर लाखोळी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली तेथें या बंदीविषयीं नाराजी राहिली. नागपूरच्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनीं ती उठवावी म्हणून दीर्घ काळ चळवळ केली. त्यांच्या बाजूस एक विचार करण्याजोगी गोष्ट होती: चौरस आहारांत थोडी लाख खाणारा आणि महिनोन्‌महिने लाखेवांचून दुसरें कांहीं न मिळणारा, या दोघांची गत एक नाहीं. उलट पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच वजनदार होतें: ज्याचे पाय गेले त्याला ते परत मिळत नाहींत, आणि लाख स्वस्त झाली म्हणजे ती भेसळीच्या रूपानें सर्वांच्याच ताटांत शिरते.

या वादांत वर्णलेखनासारख्या मापनपद्धतींनीं एक मधला मार्ग उघडला. प्रत्येक वाणाचें विष मोजतां येऊं लागल्यामुळें कृषिशास्त्रज्ञ कमी विषाचे वाण निवडूं शकले. भारतीय कृषि संशोधन संस्थेचा ‘रतन’ आणि रायपूरच्या कृषि विद्यापीठाचे ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे वाण पुढें आले. त्यांत ओडॅपचें प्रमाण हजारांत एका भागाहून कमी असतें. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत जुनी बंदी कायम राहिली. २०१६ सालीं मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीं या तीन वाणांना अनुकूल मत दिलें. त्यावर मतभेद झाले, आणि ते होणें रास्तच आहे. कारण शेतांत वाण बदलला तरी बाजारांत दाणा तसाच दिसतो. आणि कमी विषाची लाख कोणती व जुनी लाख कोणती, हें सांगावयास पुन्हां प्रयोगशाळाच लागते.

श्रोतेहो, या सर्व इतिहासाचें तात्पर्य मला असें दिसतें. लाखेनें लंगडा झालेला माणूस भेसळीनें लंगडा झाला नव्हता. त्याच्या पदरांत लाख पडली ती उघड उघड, दिवसाढवळ्या, मजुरी म्हणून. गहूं परवडूं लागला, मजुरी रोख मिळूं लागली, तसतसा हा रोग ओसरला. तें काम टीपकागदाचें नव्हतें. परंतु टीपकागदानें एक गोष्ट केली. पाय का गेले याला दैव, वारा, ओल, तण अशीं जीं अनेक उत्तरें दिलीं जात होतीं तीं त्यानें बंद केलीं. कारण एकदां नक्की झालें म्हणजे जबाबदारी टाळतां येत नाहीं. धन्यालाहि नाहीं, व्यापाऱ्यालाहि नाहीं, सरकारलाहि नाहीं.

आपणां शहरांतील कुटुंबांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून पुरें करतों. बेसन सुटें घेण्यापेक्षां हरभऱ्याची अख्खी डाळ पाहून निवडून दळून घ्यावी. डाळींत कोनाकृति, पाचरीसारखे दाणे दिसले तर ते वेगळे काढून दुकानदाराला दाखवावे. आणि संशय बळावला तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमानें, ठरलेलें शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला दिला आहे, हें लक्षांत ठेवावें. धामणगांवच्या दुकानांत तळहातावर पसरलेली ती मूठभर डाळ पाहतांना डोळ्याचा कौल घ्यावा, जिभेचाहि घ्यावा. पण जेथें त्यांची नजर पोंचत नाहीं तेथें पोंचणारा तिसरा साक्षीदार आतां उपलब्ध आहे, आणि त्याला बोलाविण्याचा अधिकार आपला आहे.